सतनामसिंग भामरा आणि न खेळलेले सामने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावरील बास्केटबॉलविषयीच्या एका बातमीत सतनामसिंग भामरा याचा एका वाक्यापुरता उल्लेख होता. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगसाठी निवड होऊनही तिथे एकही सामना न खेळता परतलेला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळलेला खेळाडू, अशी त्याची ओळख त्या वाक्यात करून दिलेली होती. त्यात तथ्याची चूक काहीच नाही. तरीही ते वाचून मी अस्वस्थ झालो, कारण सांगली जिल्ह्यात एकतीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवताना पालकांच्या आणि सहकारी शिक्षकांच्या तोंडून सतनामबद्दल मी एकच निकाल ऐकत आलो आहे: देवाने एवढी उंची दिली, पण पोराने ती वाया घालवली. हा निकाल अन्यायाचा आहे असे माझे ठाम मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सतनामचा जन्म १० डिसेंबर १९९५ रोजी पंजाबातील बरनाला जिल्ह्यातल्या बल्लोके या लहानशा गावात, एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील बलबीरसिंग स्वतः सात फुटांहून उंच. तरुणपणी त्यांनाही बास्केटबॉल खेळण्याचा आग्रह झाला होता, पण घरच्यांना शेतात राबणारा हात हवा होता आणि ते राहून गेले. मुलाच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नाही, हे त्या माणसाने मनाशी पक्के केले होते. त्यांनी घराजवळ रिंग उभी केली आणि मुलगा दहा वर्षांच्या आसपास असतानाच त्याला लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत नेऊन सोडले. गिरणी आणि शेती यांवर चालणाऱ्या घरातून एवढ्या लहान मुलाला दूरच्या शहरात ठेवणे किती कठीण असते, हे ज्यांनी आपले मूल क्रीडा प्रबोधिनीत पाठवले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको.

लुधियानात त्याला एस. सुब्रमण्यम यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले. पंजाबातील उंच, धिप्पाड मुले हेरून त्यांना बास्केटबॉलपटू बनवण्याचे जे काम त्या अकादमीत झाले, त्यामागे दक्षिणेतून आलेल्या या गुरूचा मोठा वाटा होता. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यामुळे आपल्या शिष्याची निवड त्यांना पाहता आली नाही. भारतीय बास्केटबॉलचा इतिहास कधी नीट लिहिला गेला, तर त्यात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण असावे असे मला मनापासून वाटते.

२०१० मध्ये आयएमजी-रिलायन्स या क्रीडा व्यवस्थापन कंपनीच्या शिष्यवृत्तीसाठी देशभरातून चार मुले आणि चार मुली निवडल्या गेल्या आणि त्यांना अमेरिकेत, फ्लोरिडातील ब्रॅडेंटन येथील आयएमजी अकादमीत पाठवण्यात आले. चौदा वर्षांचा सतनाम त्यांत होता. इंग्रजी जवळजवळ येत नाही, जेवण अनोळखी, घर हजारो मैल दूर, आणि रोज सकाळी व्यायामशाळा, मग वर्ग, मग सराव. या मुलाने तिथे पाच वर्षे काढली. दरम्यान २०११ मध्ये चीनमधील वुहान येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तो भारताच्या वरिष्ठ संघातून खेळला, तेव्हा त्याला सोळावेही लागले नव्हते. आळशी किंवा नशिबावर विसंबून राहिलेल्या मुलाच्या हातून एवढे होत नाही.

२५ जून २०१५ च्या रात्री न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे डॅलस मॅव्हरिक्स संघाने दुसऱ्या फेरीत, एकूण ५२ व्या क्रमांकावर त्याचे नाव घेतले. एनबीएच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिम भुल्लर हा कॅनडात जन्मलेला, पंजाबी आईवडिलांचा मुलगा सॅक्रामेंटो किंग्जकडून प्रत्यक्ष एनबीएच्या मैदानात उतरला होता आणि त्या संघाचे प्रमुख मालक होते मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. दोन-तीन महिन्यांत आलेल्या या दोन बातम्यांनी आमच्यासारख्या शिक्षकांना किती आनंद झाला होता, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही. माझ्या शाळेच्या फळ्यावर मी स्वतः सतनामचे नाव, गाव आणि उंची खडूने लिहिली होती, आणि ती मुलांनी आठवडाभर पुसू दिली नाही.

मात्र त्या निवडीचा अर्थ आपण कोणीच नीट समजून घेतला नाही. दुसऱ्या फेरीत निवडल्या गेलेल्या खेळाडूला संघात जागा मिळण्याची किंवा पगाराची हमी नसते. त्याच्यावरचा हक्क तेवढा त्या संघाकडे राहतो. शिवाय सतनाम ना अमेरिकेतल्या कॉलेज संघातून आला होता, ना परदेशातल्या एखाद्या व्यावसायिक संघातून. अमेरिकन कॉलेज स्पर्धांत खेळण्यासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता त्याला पूर्ण करता आली नाही आणि तो शालेय बास्केटबॉलमधून थेट या निवडीला सामोरा गेला. २००५ नंतर अशा रीतीने निवडला गेलेला तो पहिलाच. एकोणिसाव्या वर्षी जगातल्या सर्वांत कठीण स्पर्धेच्या दारात उभा राहिलेला हा मुलगा प्रौढ, कसलेल्या खेळाडूंविरुद्ध पूर्ण हंगाम असा कधी खेळलेलाच नव्हता.

मॅव्हरिक्सने त्याला डी लीगमधल्या, म्हणजे एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या, आपल्या टेक्सास लेजंड्स संघात पाठवले. तिथल्या दोन हंगामांत त्याच्या वाट्याला मोजके सामने आणि त्यांतही मोजकी मिनिटे आली. त्या काळी डी लीगमधला पगार वर्षाला पंचवीस-सव्वीस हजार डॉलरच्या वर जात नसे, त्यामुळे कोट्यधीश होऊन परतल्याच्या ज्या कथा आपल्याकडे सांगितल्या जात, त्यांत काही अर्थ नव्हता.

काळही त्याच्या बाजूने नव्हता. त्याची निवड होण्याच्या जेमतेम नऊ दिवस आधी गोल्डन स्टेट वॉरियर्सने एनबीएचे विजेतेपद मिळवले होते आणि त्या अंतिम मालिकेत त्यांनी आपला सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा सर्वांत उंच खेळाडू, बाकावर बसवून, चपळ आणि तुलनेने बुटक्या पाच जणांना एकदम खेळवून सामने फिरवले होते. रिंगजवळ उभे राहून हात वर करणाऱ्या धिप्पाड खेळाडूची किंमत त्या सुमारास झपाट्याने उतरत होती. सेंटरलाही आता रिंगपासून वीस-पंचवीस फूट बाहेर येऊन, छोट्या चणीच्या, चेंडू घेऊन येणाऱ्या वेगवान गार्डपुढे पावले सरकवत बचाव करावा लागत होता.

इथे थोडे तांत्रिक लिहितो, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. बास्केटबॉलमध्ये पिक अँड रोल नावाची एक साधी चाल आहे. चेंडू घेऊन येणाऱ्या साथीदाराच्या पहारेकऱ्यापुढे उंच खेळाडू भिंतीसारखा उभा राहतो आणि लगेच वळून रिंगकडे धावतो. त्या क्षणी बचाव करणाऱ्या सेंटरला अर्ध्या सेकंदात ठरवायचे असते की पुढे सरसावून चेंडूवाल्याला अडवायचे, मागे राहून रिंग राखायची, की दोघांच्या मध्ये राहून गार्डला परत यायला वेळ मिळवून द्यायचा. पुढे गेला तर पाठीमागे जागा मोकळी पडते आणि मागे राहिला तर समोरचा उभ्या उभ्या फेकतो. ही निवड फळ्यावर आकृती काढून पाच मिनिटांत समजावता येते, पण अंगात मुरायला शेकडो सामने लागतात. सरावात समोर आपलेच ओळखीचे मित्र असतात आणि चूक झाली तर शिट्टी वाजवून खेळ पुन्हा सुरू करता येतो. सामन्यात ती सोय नसते.

उंच मुलाच्या बाबतीत तर आणखी एक घोटाळा होतो, आणि तो मी माझ्या मैदानावर अनेकदा पाहिला आहे. शालेय वयात त्याच्यासमोर कोणीच त्याच्या खांद्याच्या वर येत नाही. तो नुसता हात वर करतो आणि चेंडू मिळतो, नुसता वळतो आणि बास्केट होतो. पावलांची ठेवण, रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून उसळलेल्या चेंडूसाठी, समोरच्याला पाठीवर अडवून ठेवणे, चेंडू येण्याआधी जागा हेरणे यांतले काहीही न शिकता तो जिंकत राहतो आणि आम्ही शिक्षकही ढाल मिळाल्याच्या आनंदात ते चालवून घेतो. त्याच्याइतकेच उंच आणि त्याच्याहून दणकट प्रतिस्पर्धी लवकर मिळाले, तरच त्याचे शिक्षण सुरू होते.

आता सतनामच्याच वयाचा दुसरा एक खेळाडू पाहा. निकोला योकिच हा सर्बियातील सोंबोर गावचा, जन्म फेब्रुवारी १९९५, म्हणजे सतनामपेक्षा दहा महिन्यांनी मोठा. २०१४ च्या निवडीत डेन्व्हर नगेट्सने त्याला दुसऱ्याच फेरीत, ४१ व्या क्रमांकावर घेतले. अमेरिकेत दूरदर्शनवर त्या वेळी जाहिरात चालू होती आणि हा आपल्या घरी झोपलेला होता, इतकी ती निवड बिनमहत्त्वाची मानली गेली होती. त्याला ना उंच उडी मारता येई, ना वेगाने धावता येई. पण निवड झाल्यावर तो लगेच अमेरिकेला गेला नाही. आणखी एक वर्ष तो आपल्या मेगा संघाकडूनच एड्रियाटिक लीगमध्ये खेळला. पूर्वीच्या युगोस्लाव्हियाच्या मुलखातील चौदा क्लब त्या लीगमध्ये होते, प्रत्येक संघाला फक्त साखळीतच सव्वीस सामने मिळत, आणि समोर तीस-पस्तिशीचे, कोपर कुठे आणि कधी लावायचे हे पक्के जाणणारे खेळाडू असत. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरून योकिच २०१५ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरला गेला. सतनाम डॅलसला गेला तोही याच उन्हाळ्यात. पुढे योकिच २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले.

दोघांची प्रतिभा सारखी होती असे मी म्हणत नाही. योकिचसारखी नजर पिढीत एखाद्यालाच लाभते. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या प्रतिभेलासुद्धा घरच्या लीगमधल्या त्या एका वर्षाची गरज होती, आणि सतनामला परत येऊन तसे वर्ष काढायला आपल्या देशात जागाच नव्हती.

चीनच्या याओ मिंगचे उदाहरण तर आपल्याकडे हमखास दिले जाते. सतनामला भारताचा याओ मिंग म्हणण्याची त्या काळी सर्वत्र चढाओढ होती. पण याओ २००२ मध्ये एनबीएच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला जाऊन ह्यूस्टनला गेला, त्याआधी तो शांघाय शार्क्सकडून चीनच्या व्यावसायिक लीगमध्ये पाच हंगाम खेळलेला होता आणि शेवटच्या हंगामात त्याने संघाला विजेतेपदही मिळवून दिले होते. ती लीग १९९५ साली सुरू झाली, म्हणजे सतनामच्या जन्मवर्षी. चीनकडे साडेसात फुटांचा माणूस होता हे सगळ्यांना दिसले. त्या माणसाला आधी पाच वर्षे प्रौढांशी झुंजायला मिळाले होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणी लक्षात घेतली नाही.

आपल्याकडे २०१० मध्ये बास्केटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी दीर्घ मुदतीचा करार केला, तेव्हा देशात व्यावसायिक लीग येणार अशी आशा निर्माण झाली होती. सतनाम अमेरिकेत असेपर्यंत ती आली नाही. २०१५ ते २०१७ या काळात यूबीए नावाची एक खासगी लीग झाली आणि थांबली. महासंघाच्या सहकार्याने आयएनबीएल ही लीग सुरू व्हायला २०२२ उजाडले. कबड्डीची व्यावसायिक लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि सांगली-कोल्हापूरकडच्या पोरांच्या घरात त्यामुळे काय बदल झाला, हे आम्ही जवळून पाहिले आहे. बास्केटबॉलच्या वाट्याला तसे सातत्य अद्याप आलेले नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळी येथे सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सामने झाले, मुलांना ते पाहून फार आनंद झाला आणि तो मिळायलाच हवा होता; पण पाहुणे दोन दिवसांनी गेले आणि आमच्या मुलांच्या वेळापत्रकात एकाही सामन्याची भर पडली नाही.

परतल्यावर सतनाम देशाच्या संघातून खेळला, काही काळ कॅनडातील सेंट जॉन्स एज या संघाकडेही गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेपूर्वीच्या शिबिरात घेतलेल्या उत्तेजक चाचणीत त्याच्या नमुन्यात हायजेनामाइन हे बंदी असलेले द्रव्य आढळले आणि पुढे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. हे द्रव्य काही वनस्पतींच्या अर्कांत आणि त्यांपासून बनवलेल्या पूरक आहारातही असते आणि आपण ते जाणूनबुजून घेतले नाही असे त्याचे म्हणणे होते. नियमाप्रमाणे खेळाडू आपल्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार असतो आणि त्या नियमाला माझी हरकत नाही. पण डब्यावरचा मजकूर वाचून सावध करणारा जाणता माणूस आपल्या किती खेळाडूंपाशी असतो, हा प्रश्न उरतोच. पंचविशीच्या आसपासची दोन वर्षे गेल्यावर सतनामने २०२१ मध्ये अमेरिकेतील एईडब्ल्यू या कुस्ती संस्थेशी करार केला आणि २०२२ पासून तो तिथे दिसू लागला. त्याने आपल्या शरीराच्या बळावर प्रामाणिकपणे पोट भरायचा मार्ग शोधला, यात कमीपणा मानण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

आपल्या देशात बास्केटबॉलपटूची कारकीर्द म्हणजे प्रत्यक्षात नोकरी, ही गोष्टही वाचकांना माहीत असायला हवी. रेल्वे, सेनादले, ओएनजीसी, बँका यांनी खेळाडू कोट्यातून दिलेल्या नोकऱ्यांवर हा खेळ अनेक पिढ्या जगला. नागपाड्याच्या गल्ल्यांतून अर्जुन पुरस्कारापर्यंत गेलेले अब्बास मुंतसिर असोत किंवा भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषवलेली पुण्याची शिरीन लिमये असो, घडायला आपल्याकडेही खेळाडू घडतात. या नोकऱ्यांबद्दल मी कृतज्ञ आहे, माझे चार विद्यार्थी त्यांवर संसार चालवत आहेत. पण त्यांतल्या एकाने नोकरी लागल्यावर तिसऱ्या वर्षी मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "सर, कॉलेजात होतो तेव्हा वर्षाला वीस सामने व्हायचे, आता आठ होतात." तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

त्याहून खालची, माझ्या स्वतःच्या कामाची गोष्ट सांगतो. शालेय स्पर्धा आपल्याकडे पावसाळ्यात होतात आणि बाद पद्धतीने होतात. सिमेंटचे कोर्ट ओले असते, पोती टाकून पाणी टिपायचे, दुपारी ऊन पडले की घाईने सामने उरकायचे. जो संघ पहिला सामना हरला त्याचे वर्ष ऑगस्टमध्येच संपले. जिंकत गेला तर जिल्हा, विभाग, राज्य असे मिळून आठ-दहा सामने. दहावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी आणि पुढे नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे आहे ते पाहिले जाते. मुलगा किती मिनिटे खेळला हे कोणी विचारत नाही. मीसुद्धा अनेक वर्षे प्रमाणपत्रांच्याच मागे धावलो, हे कबूल करतो. बाकावर बसलेल्या बाराव्या मुलालाही तेच प्रमाणपत्र मिळते, आणि त्याचे पालक त्यातच समाधानी असतात.

निवृत्तीनंतर मी शहरातील सहा शाळांच्या शिक्षकांना विनंती करून गेली दोन वर्षे दिवाळीनंतर एक छोटी साखळी स्पर्धा चालवत आहे. ढाल नाही, पाहुणे नाहीत, उद्घाटन नाही. दर शनिवारी संध्याकाळी प्रत्येक संघाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे मार्चच्या आत प्रत्येक मुलाला दहा सामने. खर्च चेंडूचा, पंचांच्या चहाचा आणि दिव्यांच्या विजेचा. मुलींची साखळी वेगळी चालते. राज्यातील प्रत्येक जिल्हा संघटनेने आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने असे करून पाहावे, बाद पद्धतीच्या स्पर्धेआधी निदान एक साखळी फेरी ठेवावी आणि गुणपत्रिकेवर खेळाडूंची खेळलेली मिनिटे नोंदवावीत, अशी माझी जाहीर विनंती आहे. वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. आपल्या जिल्हा आवृत्तीत अशा सामन्यांचे निकाल आणि गुण दोन ओळींत छापावेत. छापून आलेला निकाल मुले कापून वहीत चिकटवतात, आणि पुढच्या शनिवारी अर्धा तास आधी येतात.

या साखळीत यंदा नववीतली एक मुलगी आहे, पाच फूट अकरा इंच उंचीची, ऊसतोडणीसाठी दरवर्षी आमच्या भागात येणाऱ्या कुटुंबातली. पहिल्या सामन्यात तिच्या अंगावर कोणी आले की ती डोळे मिटून चेंडू सोडून द्यायची. सातव्या सामन्यात तिने पिक अँड रोलला पहिल्यांदा मागे सरकून रिंग राखली आणि माझ्याकडे पाहिले. तिच्या आईने मला विचारले की हिचे पुढे काय होईल. मी त्यांना सतनामसिंगची गोष्ट सांगितली, बल्लोकेपासून डॅलसपर्यंतची आणि तिथून परतीचीही. शनिवारी तिचा आठवा सामना आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सांगली